व्याज नऊ टक्के, मुद्दल शून्य: बँकांच्या एटी-१ बाँडचं गणित

१४ मार्च २०२०, शनिवार. अडचणीत आलेल्या यस बँकेवर नेमलेले प्रशासक प्रशांत कुमार यांच्याकडून शेअर बाजारांना एक पत्र गेलं. बँकेचे ८,४१५ कोटी रुपयांचे एटी-१ (ॲडिशनल टियर-१, म्हणजे बँकेच्या भांडवलात धरले जाणारे) बाँड पूर्णपणे आणि कायमचे निर्लेखित, म्हणजे राइट-ऑफ, केले आहेत, असा त्याचा मथितार्थ. ज्यांनी हे बाँड घेतले होते त्यांचं व्याज गेलं आणि मुद्दलही गेलं. उशिरा मिळेल, निम्मं मिळेल, हप्त्याहप्त्याने मिळेल, असं काहीही नाही. शून्य.

त्याच बँकेचे शेअर मात्र बाजारात चालूच होते आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत ते चांगलेच उसळले. आपण सगळे धरून चालतो की धंदा बसला तर आधी मालकाचं बुडतं आणि पैसे उसने देणाऱ्याचं नंतर. इथे मालकाकडे काहीतरी उरलं आणि उसने देणारा रिकाम्या हाताने परतला. हे कसं झालं, ते बरोबर होतं का, आणि असा बाँड मुळात निघालाच कशासाठी, हे समजून घ्यायचं तर आधी बँकेचं भांडवल म्हणजे काय ते बघावं लागेल.

भांडवल तिजोरीत नसतं

बँकेचं भांडवल म्हणजे अडीअडचणीसाठी कुठेतरी बाजूला ठेवलेली रक्कम, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. बँकेने रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवायची असते ती सीआरआर, ती वेगळी गोष्ट. भांडवल हा ताळेबंदाच्या दुसऱ्या बाजूचा प्रश्न आहे: बँकेने जे पैसे कर्जाऊ वाटलेत, ते मुळात कुणाचे आहेत?

एक छोटी बँक घेऊ. तिने १०० रुपयांची कर्जं वाटली आहेत. त्यातले ९२ रुपये ठेवीदारांचे, ६ रुपये भागधारकांचे आणि २ रुपये एटी-१ बाँडवाल्यांचे. आता ४ रुपयांची कर्जं बुडाली. मालमत्ता उरली ९६. ठेवीदारांचे ९२ द्यायचेच आहेत, बाँडवाल्यांचे २ द्यायचे आहेत, म्हणजे भागधारकांच्या सहातले दोनच उरले. ठेवीदाराला मात्र कसलीही झळ लागली नाही. भांडवलाचं काम एवढंच: नुकसान ठेवीदारापर्यंत पोचण्याआधी मध्ये कुणीतरी ते अंगावर घ्यायचं. १०० रुपयांच्या धंद्यात स्वतःचे पैसे फक्त सात-आठ रुपये, एवढ्या कमी भांडवलावर दुसरा कुठलाही धंदा कुणी करू देणार नाही. म्हणून बँकांच्या भांडवलावर एवढा कडक पहारा असतो.

आता याच बँकेत नियामक म्हणतो, एटी-१ बाँड रद्द करा. मालमत्ता तीच, ९६. ठेवी त्याच, ९२. पण बाँडवाल्यांचे २ रुपये आता कुणालाच द्यायचे नाहीत. त्यामुळे भागधारकांच्या बाजूला दोनाचे चार झाले. बँकेत नवा एक पैसाही आलेला नाही. फक्त एका गटाने आपला हक्क सोडला आणि तेवढी रक्कम भांडवलात जमा दिसू लागली.

यस बँकेच्या हिशोबात हे लख्ख दिसतं. डिसेंबर २०१९ च्या तिमाहीत बँकेचा तोटा १८,५०० कोटींच्या वर होता. मार्च २०२० च्या तिमाहीत बँकेने २,६२९ कोटींचा निव्वळ नफा जाहीर केला. हा नफा आला तो बाँड निर्लेखित केल्यामुळे, कर वजा जाता ६,२९७ कोटींची एकरकमी जमा झाली म्हणून. ती बाजूला काढली तर उरतो ३,६६८ कोटींचा तोटा. बाँडवाल्यांचं नुकसान बँकेच्या नफ्यात उतरलं होतं. आणि रोखीचं म्हणाल तर ती बँकेतून वाहतच होती. सप्टेंबर २०१९ मध्ये दोन लाख कोटींच्या वर असलेल्या ठेवी मार्च २०२० अखेर १.०५ लाख कोटींवर आल्या होत्या. निर्लेखन भांडवलाचं भोक बुजवतं. बँकेबाहेर लागलेल्या रांगेचं ते काही करू शकत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे क्रेडिट स्वीस या स्विस बँकेच्या वेळी उपयोगी पडेल.

असा बाँड कशासाठी काढला?

१९७४ मध्ये जर्मनीतली हेरश्टाट बँक बुडाली आणि तिचे धक्के सीमेपार गेले. त्यानंतर मोठ्या देशांच्या मध्यवर्ती बँकांनी स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात एक समिती बसवली. १९८८ मध्ये या समितीने पहिला आकडा दिला: जोखीमभारित मालमत्तेच्या किमान ८ टक्के भांडवल हवं. जोखीमभारित म्हणजे प्रत्येक कर्ज सारखं धरायचं नाही. सरकारी रोख्याला भार शून्य, घरकर्जाला कमी, विनातारण कर्जाला जास्त.

पण या आठ टक्क्यांत बरंच काही कोंबता येत असे. खरंखुरं भागभांडवल दोन टक्क्यांपर्यंत खाली आलं तरी नियम पाळल्यासारखंच होतं. बाकीच्या जागी होते नाना प्रकारचे संकरित रोखे, अर्धे कर्ज आणि अर्धे भांडवल म्हणवणारे. २००८ च्या संकटात त्यांचं पितळ उघडं पडलं. बँका बुडायला आल्या, सरकारांनी करदात्यांच्या पैशाने त्या उचलून धरल्या आणि या रोख्यांच्या बहुतेक धारकांना व्याज-मुद्दल मिळत राहिलं. कागदावर ते भांडवल होतं, पण नुकसान सोसायची वेळ आली तेव्हा ते कर्ज झालं. माझ्या मते २००८ नंतरच्या साऱ्या नियमांमागचा खरा राग हाच आहे.

त्यातून पुढे आलेला उपाय म्हणजे कोको (काँटिन्जंट कन्व्हर्टिबल) बाँड. आपला एटी-१ याच जातीचा. एरवी हा बाँड, व्याज देणारा. पण बँक अडचणीत आली की त्याने आपोआप शेअरमध्ये रूपांतर व्हायचं किंवा सरळ नाहीसं व्हायचं. अमेरिकन अर्थतज्ज्ञ मार्क फ्लॅनरी यांनी ही कल्पना २००२ मध्येच मांडली होती. नोव्हेंबर २००९ मध्ये ब्रिटनच्या लॉइड्स बँकेने असे रोखे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आणले. डिसेंबर २०१० मध्ये बासेल-३ आलं आणि पुढच्याच महिन्यात समितीने अट घातली की बँक टिकू शकणार नाही असं नियामकाने ठरवलं, तर असे सगळे रोखे नुकसान सोसायला तयार हवेत. भारतात बासेल-३ ची अंमलबजावणी १ एप्रिल २०१३ पासून सुरू झाली.

आपल्याकडचे आकडे बासेलपेक्षा थोडे कडक आहेत. जोखीमभारित मालमत्तेच्या किमान ५.५ टक्के निव्वळ भागभांडवल आणि राखीव निधी हवा, त्याला सीईटी-१ म्हणतात. त्यावर १.५ टक्के एटी-१ मधून चालतात, आणखी २ टक्के टियर-२ मधून, म्हणजे भांडवलात धरल्या जाणाऱ्या मुदतीच्या दुय्यम कर्जातून. एकूण ९. वर २.५ टक्क्यांचा गादीसारखा थर, तोही भागभांडवलाचाच. झाले साडेअकरा. त्यातल्या दीड टक्क्याच्या फटीत आपला हा बाँड बसतो. शेअर विकून ती फट भरायची तर भागधारकांचा हिस्सा पातळ होतो. बाँड काढला तर हिस्सा शाबूत राहतो आणि व्याज खर्चात धरून करही वाचतो. बँकांना तो आवडतो यात नवल नाही.

तीन अटी

हा बाँड घेणारा माणूस तीन गोष्टींना सही देऊन मान्यता देत असतो. पहिली, मुद्दल परत द्यायची कुठलीही तारीख नाही. पाच वर्षांनी बँक हवं तर बाँड परत घेऊ शकते, पण तो बँकेचा हक्क, तुमचा नाही. बाजारात सगळे धरून चालतात की पाच वर्षांनी पैसे मिळणारच. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पेनच्या सांतांदेर बँकेने दीड अब्ज युरोचा बाँड ठरल्या वेळी परत घेतला नाही आणि या समजुतीला पहिला मोठा तडा गेला. दुसरी, बँक एखाद्या वर्षी व्याज द्यायचं नाही असं ठरवू शकते, आणि ते पुढच्या वर्षी साठून मिळत नाही. न दिल्यास ती थकबाकीही धरली जात नाही.

तिसरी अट निर्लेखनाची, आणि तिला दोन कळा आहेत. एक आकड्याची: सीईटी-१ हे ६.१२५ टक्क्यांखाली गेलं की बाँडवर घाव बसू शकतो. दुसरी रिझर्व्ह बँकेच्या हातातली: ही बँक मदतीशिवाय तगू शकत नाही असं तिने ठरवलं की सरकारी पैसा आत येण्याआधी हे बाँड संपले पाहिजेत.

आकड्याची कळ दिसते नेमकी, पण ती जवळजवळ निरुपयोगी आहे असं मला वाटतं. सप्टेंबर २०१९ अखेर यस बँकेचं सीईटी-१ होतं ८.७ टक्के, अगदी नियमात. तीन महिन्यांनी ते होतं ०.६ टक्के. खोट हळूहळू वाढत गेली नव्हती. लपून राहिलेली थकीत कर्जं एकदम मोजली गेली आणि आकडा कोसळला. आकडा खाली आल्याचं कळेपर्यंत बँक केव्हाच गेलेली असते. त्यामुळे खरी कळ दुसरीच, आणि ती एका संस्थेच्या मतावर अवलंबून आहे. गुंतवणूकदाराने या बाँडची किंमत करायची ती या मताची किंमत करायची.

थोडक्यात, हा बाँड घेणारा सावकार नसतो, तो जामीनदार असतो. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलेल्या माणसाला जे भोगावं लागतं ते याच्याही वाट्याला येऊ शकतं, फरक इतकाच की याला त्या जोखमीचं दरवर्षी व्याज मिळतं.

तो कुणाला विकला गेला

डिसेंबर २०१६ मध्ये यस बँकेने साडेनऊ टक्के दराने ३,००० कोटींचे एटी-१ बाँड काढले आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये नऊ टक्क्यांनी ५,४१५ कोटींचे. नोटाबंदीनंतरचा काळ, बँकांकडे पैसा तुंबलेला, मोठ्या बँकांच्या एफडीचे दर सात टक्क्यांच्या आसपास उतरलेले. अशा वेळी नऊ-साडेनऊ टक्के ऐकल्यावर कुणाचेही कान टवकारतील.

बहुतेक बाँड म्युच्युअल फंड आणि संस्थांकडे गेले. पण सगळे नाही. सेबीच्या एप्रिल २०२१ च्या आदेशात आकडे आहेत: १,३४६ वैयक्तिक गुंतवणूकदारांनी मिळून सुमारे ६७९ कोटी रुपये यात घातले. त्यातले १,३११ जण यस बँकेचेच ग्राहक होते. आणि त्यांच्यापैकी २७७ जणांनी आपल्या एफडी मुदतीआधी मोडून सुमारे ८० कोटी रुपये या बाँडमध्ये वळवले होते.

या शेवटच्या ओळीपाशी थांबायला हवं. मघाच्या १०० रुपयांच्या ताळेबंदात एफडीवाला माणूस त्या ९२ रुपयांमध्ये बसलेला असतो. सगळ्यात सुरक्षित जागा, वर ठेव विम्याचं कवच, जे फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाखांवर नेलं गेलं. एफडी मोडून एटी-१ घेतला त्या क्षणी तो तिथून उठून त्या २ रुपयांमध्ये जाऊन बसला. ज्या नुकसानापासून त्याला वाचवायचं, तेच नुकसान सोसायच्या जागेवर. बँक तीच, शाखा तीच, समोर बसलेला रिलेशनशिप मॅनेजर तोच. दोन टक्के जास्त व्याजासाठी आपण कुठून कुठे आलो हे त्याला कुणी समजावलं नसेल, तर त्या सहीला संमती म्हणणं मला पटत नाही. जोखीम नीट सांगितली नाही असा ठपका ठेवत सेबीने बँकेला २५ कोटींचा दंड केला. बँकेने त्याविरुद्ध अपील केलं.

मला स्वतःला निर्लेखनाच्या कलमापेक्षा ही विक्री जास्त चुकीची वाटते. कलम असायलाच हवं, नाहीतर हा बाँड म्हणजे २००८ चाच खेळ नव्या नावाने. पण नुकसान सोसायचं काम अशाच माणसाला द्यावं, ज्याला ते वाचता येतं, तोलता येतं आणि झेपतं.

आधी कोण?

आता मूळ प्रश्न. भागधारकांचं काहीतरी उरलं आणि बाँडवाल्यांचं शून्य झालं, हे योग्य का?

रिझर्व्ह बँकेने ६ मार्च २०२० रोजी यस बँकेच्या पुनर्रचनेचा जो मसुदा प्रसिद्ध केला त्यात एटी-१ रद्द करण्याचं कलम होतं. केंद्र सरकारने १३ मार्चला अंतिम योजना अधिसूचित केली, त्यात ते कलम नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी प्रशासकांनी बाँड रद्द केले. बाँडधारकांच्या वतीने विश्वस्त कंपनी आणि इतर काहीजण मुंबई उच्च न्यायालयात गेले. २० जानेवारी २०२३ रोजी प्रभारी मुख्य न्यायमूर्ती संजय गंगापूरवाला आणि न्यायमूर्ती एस. एम. मोडक यांच्या खंडपीठाने निर्लेखनाचा निर्णय रद्द ठरवला. अंतिम योजनेत जे नाही ते करण्याचा अधिकार प्रशासकांना नव्हता, हा त्यातला गाभा. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मार्च २०२३ मध्ये तिथे उच्च न्यायालयाच्या निकालाला स्थगिती मिळाली.

नेमक्या त्याच महिन्यात स्वित्झर्लंडमध्ये हेच नाट्य कितीतरी मोठ्या रकमेचं घडलं. १९ मार्च २०२३ च्या रविवारी यूबीएसने क्रेडिट स्वीस विकत घेतली. भागधारकांना मिळून तीन अब्ज स्विस फ्रँकचे यूबीएसचे शेअर मिळाले, तर फिन्मा या स्विस नियामकाच्या आदेशाने सुमारे १६ अब्ज फ्रँकचे एटी-१ बाँड शून्यावर आले. दुसऱ्याच दिवशी युरोपीय नियामकांनी आणि बँक ऑफ इंग्लंडने घाईघाईने निवेदनं काढली: आमच्याकडे आधी भागधारक, मगच एटी-१.

क्रेडिट स्वीसचं सीईटी-१ २०२२ अखेर १४.१ टक्के होतं. कागदोपत्री भांडवल भरपूर. बँक गेली ती ठेवीदारांनी पैसे काढून नेल्यामुळे, रोखीच्या टंचाईने. आणि निर्लेखनाने रोख येत नाही, हे आपण वर बघितलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्विस संघीय प्रशासकीय न्यायालयानेही फिन्माचा आदेश बेकायदा ठरवला. बँकेकडे पुरेसं भांडवल होतं, त्यामुळे करारातली अट पुरी झाली नव्हती आणि इतकी मोठी मालमत्ता काढून घ्यायला स्पष्ट कायदेशीर आधारही नव्हता, असं त्याचं म्हणणं. हा अंशतः निकाल आहे आणि फिन्माने वरच्या न्यायालयात दाद मागायचं ठरवलं.

उलट उदाहरणंही आहेत. जून २०१७ मध्ये स्पेनची बँको पोप्युलर बुडाली तेव्हा शेअर शून्य झाले, एटी-१ ही शून्य झाले आणि बँक सांतांदेरला एका युरोत विकली गेली. आपल्याकडे नोव्हेंबर २०२० मध्ये लक्ष्मी विलास बँक डीबीएसमध्ये विलीन करताना ३१८ कोटींचे टियर-२ बाँड रद्द झाले, पण भागधारकांनाही काही मिळालं नाही. कटू, पण क्रम सरळ. तिथे कुणाची फसवणूक झाली असं म्हणता येत नाही.

भागधारकांना शिल्लक ठेवण्याच्या बाजूने एक मुद्दा मांडला जातो: क्रम पाळायचा तो बँक गुंडाळताना, चालू ठेवताना नाही. यस बँक वाचवली गेली, स्टेट बँकेने दहा रुपयांना एक असे शेअर घेऊन ६,०५० कोटी घातले, बँक जिवंत राहिली, म्हणून शेअरही जिवंत राहिले. शंभर किंवा त्याहून जास्त शेअर असलेल्यांचे तीन-चतुर्थांश शेअर तीन वर्षांसाठी अडकवूनही ठेवले होते. कराराची भाषा वाचली तर हा युक्तिवाद टिकतो. पण मग बाजाराला ते आधीच स्वच्छ सांगायला हवं. शेअरवाल्याला चढत्या नफ्याची आशा असते, बाँडवाल्याला ठरलेल्या व्याजापलीकडे काही नाही. नफ्यात वाटा नाही आणि नुकसानीत पहिला नंबर, असा सौदा नऊ टक्क्यांना कुणी डोळसपणे करणार नाही. त्याची किंमत वेगळी पडेल, आणि ती बँकांना मोजायला लावणं योग्यच आहे.

आणखी एक आठवण करून द्यावीशी वाटते. २०१७ मध्ये बुडत्या बँका आणि वित्तसंस्थांच्या निपटाऱ्यासाठीचं एफआरडीआय विधेयक आलं तेव्हा बुडत्या बँकेला वाचवायला ठेवीदारांचे पैसे वापरणार, या भीतीने देशभर ओरड झाली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ते मागे घेतलं गेलं. त्याच काळात हीच तरतूद एटी-१ च्या करारात छापलेली होती, आणि काही ठेवीदार शाखेत बसून तिच्यावर सह्या करत होते.

आज हा बाँड कुठे भेटतो

ऑक्टोबर २०२० पासून सेबीने नियम बदलले. नवा एटी-१ फक्त पात्र संस्थात्मक गुंतवणूकदारांनाच देता येतो आणि एका व्यवहाराचा किमान आकार एक कोटी रुपये. मार्च २०२१ मध्ये म्युच्युअल फंडांवरही मर्यादा आली: अशा विशेष अटींच्या रोख्यांत एका योजनेचे दहा टक्क्यांहून जास्त पैसे नकोत. त्यामुळे शाखेत एफडी मोडून हा बाँड गळ्यात मारण्याचे दिवस गेले.

पण तुमच्या डेट फंडातून तो तुमच्यापर्यंत अजूनही पोचू शकतो. फंडाच्या मासिक फॅक्टशीटमध्ये बँकेच्या नावापुढे ‘पर्पेच्युअल’, ‘टियर १’ किंवा ‘बासेल ३’ असे शब्द दिसतात का ते बघा. नसतील तर पतमानांकनाचा रकाना बघा. स्टेट बँकेच्या टियर-२ बाँडला एएए मिळतं, एटी-१ ला मात्र एए प्लस. स्टेट बँकेच्या नावासमोर एए प्लस दिसलं, तर मानांकन संस्थेला स्टेट बँकेबद्दल शंका नाही. तिने फक्त तो बाँड कुठल्या रांगेत उभा आहे ते लिहून ठेवलंय.